चौदा आयन आणि एक दुष्काळ

ऑस्ट्रियात, इन नदीकाठच्या इन्सब्रुक विद्यापीठात, निर्वात पात्राच्या मधोमध कॅल्शियमचे मोजके आयन एका रांगेत तरंगत असतात. पानाला लावतो त्या चुन्यातलंच हे मूलद्रव्य. फक्त प्रत्येक अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला. 397 नॅनोमीटरचा जांभळा लेसर टाकला की कॅमेऱ्यात ठिपक्यांची ओळ उमटते. दोन ठिपक्यांमधलं अंतर काही मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यांना विद्युतक्षेत्रानं धरून ठेवणारा सापळा मुळात वोल्फगांग पाउल यांचा. 1989च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. अशा रांगेचा पुंज संगणक करता येईल, हे इग्नासिओ सिराक आणि पीटर झोलर यांनी 1995मध्ये याच विद्यापीठातून मांडलं. ते करून दाखवायचं काम रायनर ब्लाट यांच्या गटानं अंगावर घेतलं.

इथला प्रत्येक आयन म्हणजे एक क्युबिट, पुंज संगणकातला बिट. त्याच्या खालच्या ऊर्जापातळीला 0 म्हणायचं, वरचीला 1. 729 नॅनोमीटरचा लाल लेसर नेमका तेवढाच वेळ टाकला, तर आयन एकाच वेळी दोन्हींत राहतो. सगळ्यांवर सारखाच विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना ढकलत असतात. एकाला धक्का दिला की अख्खी रांग डोलते. या सामाईक डोलण्याचाच दोर करून लेसर त्यांना एकमेकांत गुंतवतो.

अडचण पुढे आहे. 0 आणि 1 यांच्यातली लय, म्हणजे भौतिकीच्या भाषेतली कला, सांभाळली तरच गणित होतं. ती विस्कटली की झाला डिकोहिअरन्स. विस्कटवणारी कारणं साधी असतात. तिथलीही वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. तारांमधून आणि उपकरणांमधून झिरपणारं तिचं चुंबकीय क्षेत्र आयनांच्या पातळ्या किंचित वरखाली करतं. त्यामुळे अशा प्रयोगशाळांमध्ये दर खेपेला विजेच्या लाटेचा तोच बिंदू गाठून प्रयोग सुरू करतात. लेसरची वारंवारताही जराशी भरकटते, आणि तिचा हिशेब सगळ्याच आयनांना लागू होतो. एक मिलिमीटरही न भरणाऱ्या रांगेत हा गोंगाट पहिल्या आयनाला जसा, तसाच शेवटच्याला.

हे 'तसाच' घातक असतं. एकाची विहीर आटली तर शेजारी पाणी देतो. अख्ख्या तालुक्यात दुष्काळ पडला तर कोण कुणाला देणार? 2011मध्ये याच गटातल्या थॉमस मॉन्झ आणि सहकाऱ्यांनी 14 आयन एकत्र गुंतवले. अवस्था अशी, की सगळे 0 आणि सगळे 1 या दोन्ही शक्यता एकदमच जिवंत. गोंगाट ज्याचा त्याचा वेगळा असता, तर कुणाची कला पुढे सरकली असती, कुणाची मागे, आणि बरंचसं आपसात फिटलं असतं. पण इथे सगळे एकाच दिशेनं सरकतात. त्यामुळे आयनांची संख्या जितक्या पट, कलेचं सरकणं तितक्या पट. आणि चूक वाढते त्या सरकण्याच्या वर्गानं. म्हणजे 8 आयनांची अवस्था एकट्या आयनाच्या 8 पट नाही, 64 पट वेगानं विस्कटायची. प्रयोगात हाच वर्ग दिसला. पुंज संगणकातल्या चूक-दुरुस्तीच्या नेहमीच्या पद्धती चुका सुट्या सुट्या होतील या भरवशावर उभ्या असतात. एकगठ्ठा आलेल्या चुकांपुढे तो भरवसा तोकडा पडतो.

याच रांगेची दुसरी बाजूही आहे. 2005मध्ये या गटानं 8 आयन वेगळ्या रीतीनं गुंतवले होते: आठांपैकी नेमका एक वर, पण कोणता ते अनिश्चित. तो कोणताही असला तरी सामाईक क्षेत्राचा परिणाम तेवढाच, म्हणून शक्यतांमधल्या लयीला धक्का नाही. दोन आयनांमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. 'पहिला वर, दुसरा खाली' ही एक शक्यता, 'पहिला खाली, दुसरा वर' ही दुसरी. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच ओझं पडलं तर काटा कशाला हलेल? अमेरिकेतल्या बोल्डरच्या निस्ट प्रयोगशाळेनं 2001मध्ये बेरिलियमच्या दोन आयनांवर ही युक्ती दाखवली होती. इन्सब्रुकच्या कॅल्शियमच्या जोडीनं तर 20 सेकंदांहून जास्त काळ गुंतलेपण टिकवलं. एकट्या आयनाची लय मिलिसेकंदांतच मोडायची.

मग 2006मध्ये इन्सब्रुकच्या गटानं हा तराजू खरोखरच वजन करायला वापरला. जोडीसाठी अशा पातळ्या निवडल्या, की चुंबकीय ओझं दोन्ही पारड्यांत सारखं पडावं आणि विद्युतक्षेत्राच्या उताराचं मात्र असमान. चुंबकीय गोंगाट आपोआप कापला गेला. काटा जेवढा झुकला, त्यावरून कॅल्शियम आयनाचा विद्युत चतुर्ध्रुव आघूर्ण, म्हणजे त्यातल्या विद्युतभाराच्या मांडणीचा चपटे-लांबटपणा, मोजला गेला. गोंगाट प्रयोगशाळेत होताच. त्या काट्यापर्यंत तो पोचला नाही.