मानेवरील गाठ आणि दडलेले मूळ

मानेवर एखादी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, ताप नसतो, जेवणखाण नेहमीप्रमाणे चालू असते. दुकानाचा हंगाम संपू दे, घरचे लग्नकार्य पार पडू दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता दोन महिने निघून जातात. पुढे सुईने काढलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळतात. परंतु तोंड, नाक, घसा तपासूनही त्या आल्या कोठून, हे उमगत नाही. या स्थितीला वैद्यकशास्त्र ‘अज्ञात मूळस्थानाचा कर्करोग’ म्हणते.

मानेतील लसिका ग्रंथी गाळणीसारख्या असतात. घशातून निसटलेल्या पेशी त्यांत अडकून वाढतात. मूळ अर्बुद मात्र टॉन्सिलच्या खाचेत किंवा जिभेच्या मुळाशी डाळीच्या दाण्याएवढे दडून राहते. ते सापडले नाही, तर संशयित असा घशाचा मोठा भाग किरणोपचाराखाली घ्यावा लागतो. त्यामुळे लाळग्रंथी सुकतात, घास गिळणे अवघड होते, दात किडतात. मूळ सापडले तर उपचार नेमक्या जागी करता येतात. म्हणूनच या शोधावर रुग्णाचे पुढील आयुष्यभराचे खाणे-बोलणे अवलंबून असते.

या शोधात प्रतिमातंत्राचे मोठे साहाय्य होते. सोनोग्राफीच्या आधाराने गाठीत सुई अचूक नेता येते. सीटी स्कॅन आणि एमआरआय शरीराची रचना दाखवतात. जिभेच्या मुळासारख्या मऊ भागासाठी एमआरआय विशेष उपयुक्त ठरतो. पेट-सीटी त्याहून निराळे आहे. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधिक प्रमाणात ओढून घेतात. फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेली साखर शिरेतून दिली की अशा जागा चित्रात उजळून दिसतात.

हा माल मोठा नाशवंत आहे. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सकाळी आठ वाजता तयार झालेल्या मालातील पाव हिस्साही दुपारी बारापर्यंत उरत नाही. म्हणून तो बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयापासून फार दूर असून चालत नाही. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले.

तथापि पेट तपासणी सर्वज्ञ नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १६ अभ्यासांतील ३०२ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. अन्य तपासण्यांना न सापडलेले मूळ अर्बुद पेटने साधारणपणे चारांपैकी एका रुग्णात शोधले होते. टॉन्सिलच्या जागी फसवे संकेत अधिक मिळाले, तर जिभेच्या मुळाशी असलेली अर्बुदे निसटण्याचे प्रमाण अधिक होते. निरोगी टॉन्सिलही साखर ओढते, क्षयाची गाठही उजळते आणि अगदी लहान अर्बुद दिसतच नाही. म्हणून उजळलेल्या जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. मानेवरील गाठ आधीच कापून काढली, तर पुढील शस्त्रक्रियेची वाट बिघडते. घशातील तुकडे आधी घेतले, तर त्या जखमाही चित्रात उजळतात आणि तज्ज्ञांची दिशाभूल होते. म्हणून प्रथम सुईची तपासणी, नंतर प्रतिमा, त्यानंतर दुर्बिणीतून तुकडा, हा क्रम योग्य होय. सुईच्या नमुन्यातच विषाणूंची चाचणी करता येते. एचपीव्ही आढळल्यास टॉन्सिल व जिभेचे मूळ, तर ईबीव्ही आढळल्यास नाकामागील पोकळी, येथे शोध केंद्रित होतो.

पेट तपासणीपूर्वी चार ते सहा तास काही खायचे नसते. पाणी चालते आणि नंतर तर ते भरपूर प्यावे लागते. म्हणून निर्जल उपवासाच्या दिवशी ही तपासणी ठरवू नये. मधुमेही व्यक्तीने औषधांची वेळ डॉक्टरांना आधीच विचारावी. सुई दिल्यानंतर सुमारे तासभर शांत पडून राहायचे असते. त्या वेळी बोलले तर स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात आणि घशाचे चित्र गढूळ होते. तेवढा वेळ व्यापाराचे फोन बंद ठेवणे हा तपासणीचाच भाग समजावा.

प्रौढ माणसाच्या मानेवरील गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी. तंबाखूचे व्यसन नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जेवणानंतर चघळली जाणारी सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे. अशा बहुतेक गाठी साध्या कारणांच्याही निघतील. परंतु तो निर्णय तपासणीने व्हावा, हंगाम संपण्याची वाट पाहून नव्हे.