फिल्मच्या काठावरचे आकडे

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई या गोंड खेड्यात राहिले. कुमराम भीम यांच्या उठावानंतर सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास त्यांच्यावर सोपविला होता. तेथे त्यांनी टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे आज लंडनच्या ‘सोआस’ संस्थेच्या संग्रहात आहेत. गोंडांच्या आजच्या पिढीला त्यांत आपले पूर्वज भेटतात.

छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने ही जुनी वाट आजही का धरावी? मोबाइलवर फसलेले चित्र क्षणात पुसता येते; मात्र चूक का झाली, हेही त्याबरोबर पुसले जाते. ३५ मिलिमीटरच्या रोलवर साधारणतः ३६ चित्रे मावतात. त्यामुळे प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी प्रकाशाचा विचार करावा लागतो.

खरे शिक्षण मात्र रोल स्वतः धुताना होते. पूर्ण अंधारात फिल्म रिळावर गुंडाळून टाकीत ठेवायची. मग डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर आणि शेवटी स्वच्छ पाणी, असा क्रम. डेव्हलपरचे तापमान बहुधा २० अंश सेल्सिअस ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून बरेच गरम असते. द्रावण बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड केले नाही, तर रसायन वेगाने काम करते आणि उजळ भाग निगेटिव्हवर गच्च काळे होतात.

निगेटिव्ह वाळल्यावर आधी काठावरचे आकडे पाहावेत. ते कारखान्यातच फिल्मवर उमटविलेले असतात, पण धुतल्यावरच दिसतात. आकडे ठसठशीत आणि चित्र फिके असेल, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. दोन्ही फिके असतील, तर धुण्यात कसूर झाली. चूक डोळ्याची की हाताची, याचा असा रोकडा निवाडा पडद्यावर मिळत नाही.

भर दुपारी पांढरी शुभ्र चर्च आणि माडांची सावली एकाच चौकटीत घेऊन पाहावी. सावलीतील तपशील राखण्याइतका प्रकाश द्यावा आणि उजळ भाग धुण्याच्या वेळेने आवरावा, हा जुना नियम तेव्हा उमगतो.

शेवटच्या धुण्यात घाई नको. फिक्सरचा अंश उरला, तर काही वर्षांत चित्रावर डाग पडतात, ते विरू लागते. नीट धुऊन जपलेली निगेटिव्ह मात्र, मार्लवाईच्या चित्रांप्रमाणे, नातवंडांच्या हाती पोहोचू शकते.