राजीनामा की अपंगत्व?

पवनाकाठचे पिंपळे सौदागर हे एकेकाळचे खेडे आज हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची वसाहत झाले आहे. येथील अनेक संसार कर्जाच्या हप्त्यांवर उभे आहेत. अशा घरातील कर्ता माणूस कामाच्या ताणाने कायमचा खचला, तर त्याने काय करावे?

तो सरकारी नोकर असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे विसावे कलम सामान्यतः त्याच्या पाठीशी असते. सेवेत अपंगत्व आले, मग ते मानसिक आजाराचे का असेना, तरी त्यास काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खासगी नोकरास हे संरक्षण नाही. व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत शिशाची विषबाधा आहे, आवाजाने येणारे बहिरेपण आहे. मानसिक ताण मात्र नाही. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाचे वेतन मिळण्यास ते कायमचे व संपूर्ण असावे लागते. २०१४ साली ठरलेली किमान रक्कम तर दरमहा अवघी १,००० रुपये! परिणामी खचलेला माणूस ‘स्वेच्छेने’ राजीनामा देतो आणि कामाने केलेल्या हानीचा भार कंपनीच्या हिशेबातून उतरून घराच्या माथी बसतो.

इजा कामाची असेल, तर तिची जबाबदारीही काम देणाऱ्याचीच. विसाव्या कलमाची व्याप्ती खासगी आस्थापनांपर्यंत वाढविणे, ही त्या दिशेची पहिली पायरी होय.