राघूची पोपटपंची

शाळेंत असतां आम्ही मुलांस एका शब्दानें फार दटावीत असूं; तो शब्द म्हणजे 'पोपटपंची'. अर्थ न समजतां शब्दांचीं रूपें घोकणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चपखल दूषण आम्हांस सुचत नसे. आतां निवांतपणीं विचार करतां वाटतें, कीं या शब्दानें मुलांपेक्षां पोपटाचाच अपमान आमच्याकडून अधिक झाला.

आमच्या वाशीमच्या घरीं, बालपणीं, ओसरींत एक पिंजरा टांगलेला असे. त्यांत आजीचा राघू. गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी असल्यामुळें तो नर हें उघड होतें; मादीस ती नसते. आजी त्यास पहाटे रामनाम शिकवी आणि हिरवी मिरची देई. तो ती मिटक्या मारीत खाई. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाहीं, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. रामनाम त्यास कितपत समजलें, तें रामच जाणे. परंतु दाराची कडी वाजली कीं तो 'कोण आहे?' म्हणे, एरव्हीं नाहीं. आणि आजोबा सोवळें नेसून विहिरीवरून परतूं लागले, कीं आम्हां मुलांस उद्देशून 'शिवूं नका!' असें ओरडे. प्रसंग पाहून बोलणें हें घोकणें कसें म्हणावें?

ही हौस आमच्या गांवास नवी नव्हे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या वत्सगुल्माचा उल्लेख करणाऱ्या वात्स्यायनानेंच चौसष्ट कलांत 'शुकसारिकाप्रलापन', म्हणजे पोपट-मैनेस बोलावयास शिकविणें, ही एक कला गणली आहे. बाणभट्टानें तर वैशंपायन नांवाच्या शुकास कथेकरी केलें, आणि त्या ग्रंथाच्या नांवावरूनच मराठीनें 'कादंबरी' हा शब्द घेतला.

जुन्यांनीं कल्पिलें त्याचा पडताळा अलीकडे अमेरिकेंत पाहावयास मिळाला. आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें १९७७ सालीं शिकागोच्या एका दुकानांतून करडा आफ्रिकी पोपट विकत घेऊन त्याचें नांव अ‍ॅलेक्स ठेविलें. तिची शिकविण्याची रीत आम्हां मास्तरांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. ती घोकून घेत नसे. पोपटादेखत दोन माणसें एकमेकांस वस्तु दाखवून तिचें नांव विचारीत. बरोबर सांगणाऱ्यास ती वस्तूच मिळे, चुकणाऱ्यास मिळत नसे. पाहतां पाहतां पोपटासही चुरस वाटून तो बोलूं लागे. अशा रीतीनें अ‍ॅलेक्स सुमारें पन्नास वस्तूंचीं नांवें, सात रंग, पांच आकार व सहापर्यंत मोजणी शिकला. दोन वस्तूंत सारखें काय आणि निराळें काय, हेंही सांगे. ६ सप्टेंबर २००७ रोजीं, एकतिसाव्या वर्षीं तो मेला. याला भाषा म्हणावें कीं नाहीं, यावर पंडितांचा वाद आहे. आम्ही त्यांत पडत नाहीं.

मात्र एवढी बुद्धि ज्यास आहे त्यास सोबतही तेवढीच लागते. पोपट थव्याचा पक्षी. पिंजऱ्यांत घरचीं माणसें हाच त्याचा थवा. आजी वारली, त्यानंतर एके सकाळीं राघूनें हुबेहूब तिच्याच आवाजांत आमच्या आईस हांक मारली. आई 'आलें हो' म्हणत ओसरीपर्यंत आली आणि तेथेंच खालीं बसली. तो रोज हांक मारी. पुढें त्यानें आपल्याच छातीचीं पिसें उपटावयास आरंभ केला. वडिलांनीं खरूज समजून हळद लावली. एकटेपणानें पोपट असें करतात, हें आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. त्यास जोडीदार नव्हता. बसून बोलण्याइतका वेळ कोणास नव्हता. त्याच पावसाळ्यांत तो गेला.

आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपले देशी पोपट पकडणें, विकणें व पाळणें हा गुन्हा आहे. ज्यांच्या घरीं असा पक्षी अद्याप असेल त्यांनीं नुसतें दार उघडून मोकळें होऊं नये. जन्मभर पिंजऱ्यांत राहिलेल्यास उडण्याचें बळ व चारा शोधण्याची संवय राहत नाहीं. वनखात्यास कळवावें.

गतवर्षीं नातवानें पोपटासाठीं हट्ट धरला. आम्हीं गच्चीच्या कठड्यावर पेरूच्या फोडी ठेवावयास सांगितलें. सायंकाळीं पांच-सहा येतात. नातवाशीं अजून एकही बोललेला नाहीं. आपसांत मात्र त्यांचें अखंड चाललेलें असतें, आणि तो कान देऊन ऐकत बसतो.