'ऑइल खाणारी' मोटार : ब्रेकद्रवाच्या घटीचे निदान

जुन्या मोटारीचा मालक गॅरेजात जाऊन सांगतो, "गाडी ब्रेक ऑइल खाते." भाषाभ्यासकास हे वाक्य रोचक वाटेल, निदानाच्या दृष्टीने ते दुहेरी दिशाभूल करणारे आहे. 'खाणे' हे क्रियापद इंजिनाच्या तेलाला शोभते, कारण तेथे तेल खरोखरच जळून नाहीसे होऊ शकते. ब्रेकच्या यंत्रणेतील द्रव खर्च होण्यासाठी नसतोच. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गेलेला असतो. शिवाय तो 'ऑइल'ही नव्हे. प्रचलित ब्रेकद्रव ग्लायकॉल-वर्गातील संयुगांचा असून पाण्यात मिसळतो. प्रस्तुत लेखकाच्या मोटारीत एका होतकरू मदतनिसाने हे नाव शब्दशः घेतले आणि ब्रेकच्या डब्यात इंजिनाचे तेल ओतले. खनिज तेलाने आतील रबर फुगते. परिणामी यंत्रणेतील झाडून सारे वायसर बदलावे लागले. शब्द आणि वस्तू यांचा संबंध केवळ संकेताचा असतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. त्याची किंमत त्या दिवशी मोजली.

पूर्वी कुर्ल्यास तयार होत असलेल्या जुन्या 'प्रीमियर पद्मिनी'चे उदाहरण घेऊ. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्या सर्वांना दाब पुरविणारा एकच मास्टर सिलिंडर. मंडल एकच असल्याने एका चाकाशी गळती वाढली, तर चारही ब्रेक जातात. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजतात तशी डब्यातील पातळी थोडी उतरते, आणि तो दोष नव्हे. ड्रममध्ये मात्र स्प्रिंग पट्ट्यांना मागे ओढून घेते, त्यामुळे पट्ट्यांच्या झिजेवर बोट ठेवून सुटका होत नाही.

शोध मास्टर सिलिंडरपासून आरंभावा. त्याच्या मागील टोकाचा वायसर गेला असल्यास द्रव पेडलच्या दांडीवरून आत झिरपतो आणि पायाखालच्या गालिच्यात मुरतो; बाहेरून काहीच दिसत नाही. तो पोहोचतो तेथील रंगही सोलून निघतो, हा एक उपयुक्त पुरावा. ज्या मोटारींना इंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो जोडलेला असतो, त्यांत हाच द्रव इंजिनात शोषला जाऊन पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडू शकतो. 'खाणे' हे क्रियापद यथार्थ ठरणारा हा एकच प्रसंग!

त्यानंतर चाके. टायरची आतली बाजू ओली असेल, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढत असेल, तर ड्रम काढून चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलावी. खाली ओल दिसली की निदान झाले. मागील चाकांशी एक फसवा प्रकार आढळतो : ॲक्सलचे तेलही तेथेच झिरपते. अशा वेळी ओलीवर थोडे पाणी टाकावे. ग्लायकॉलचा द्रव धुऊन जातो, तेल तवंग धरून राहते. द्रवाने भिजलेली पट्टी मात्र पुसून पुन्हा बसवू नये, ती बदलावीच. रबरी नळ्यांच्या भेगा आणि क्लिपांखाली गंजलेल्या धातूच्या नळ्या हे पुढचे संशयित.

कित्येकदा पेडल जोराने दाबून धरले तरी थेंब पडत नाही, आणि सकाळी मात्र पातळी उतरलेली असते. यात विसंगती नाही. वायसरची कड दाबानेच सिलिंडरच्या भिंतीस घट्ट चिकटते. दाब नसताना ती सैल राहते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या मोटारीत द्रवाने शोषलेल्या ओलाव्यामुळे भिंतीवर गंजाचे खड्डे पडतात आणि गळतीला वाट मिळते. अशा सिलिंडरात नवा वायसर फार दिवस टिकत नाही. यास्तव दोन्ही चाचण्या कराव्यात : कोणास तरी दोन मिनिटे पेडल दाबून धरावयास सांगावे, आणि रात्रभर प्रत्येक चाकाखाली कोरे कागद पसरून ठेवावेत.

"पेडल बसते" ही तक्रार निराळी. स्थिर दाबाखाली पेडल सावकाश खाली जाते, पण डब्यातील पातळी तशीच राहते, तेव्हा बहुधा मास्टर सिलिंडरमधील वायसरवरून द्रव आतल्या आतच मागे सरकत असतो. पेडल मऊ लागणे म्हणजे "हवा धरणे".

दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. डबा भरून चार दिवस ढकलणे येथे चालत नाही. दुरुस्तीनंतर सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढावी, पातळीची खूण करावी आणि कागद आणखी एक रात्र तसेच राहू द्यावेत.