एका हंगामात अकरा विजेतेपदे : केंतो मोमोताचा विक्रम

जपानचा डावखुरा बॅडमिंटनपटू केंतो मोमोता याने २०१९ च्या हंगामात पुरुष एकेरीची ११ विजेतेपदे पटकावली. मलेशियाच्या ली चोंग वेई याने २०१० मध्ये नोंदवलेला १० विजेतेपदांचा विक्रम त्याने मोडला आणि गिनीज बुकात या कामगिरीची नोंद झाली. वर्षभरात तो ७३ सामने खेळला. त्यांपैकी ६७ जिंकले, केवळ सहा गमावले.

या आकड्यांचे वजन समजण्यासाठी स्पर्धांची रचना पाहावी लागेल. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१८ पासून आपल्या वर्ल्ड टूरमधील स्पर्धांची दर्जानुसार सुपर १०००, ७५०, ५०० आणि ३०० अशी विभागणी केली. क्रमवारीतील आघाडीच्या एकेरी खेळाडूंना वर्षाला किमान १२ स्पर्धा खेळणे बंधनकारक झाले. म्हणजे सोप्या स्पर्धा निवडून विजेतेपदांची संख्या वाढवण्याची सोय उरली नाही. मोमोताच्या अकरा विजेतेपदांपैकी सर्वांत खालच्या, सुपर ३०० दर्जाचे एकच, ते जर्मन खुल्या स्पर्धेचे. ऑल इंग्लंड आणि चीन या सुपर १००० स्पर्धा, जपान, डेन्मार्क आणि फुझौ येथील सुपर ७५० स्पर्धा, सिंगापूर व कोरिया, शिवाय आशियाई अजिंक्यपद, जागतिक अजिंक्यपद आणि वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स असा हा पल्ला होता. ऑल इंग्लंडचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला जपानी खेळाडू ठरला.

बॅडमिंटनमध्ये जोरकस स्मॅशचे आकर्षण मोठे. मोमोताचे सामर्थ्य मात्र अन्यत्र होते. जाळ्याजवळील त्याचा हळुवार फटका प्रतिस्पर्ध्याला शटल उंच उचलण्यास भाग पाडत असे. बचाव इतका भक्कम, की समोरच्याला एकच गुण दोन-तीनदा जिंकावा लागे. घाई करणारा खेळाडू अखेरीस स्वतःच चूक करी. प्रेक्षकांना हा खेळ कधी कधी नीरस वाटला असेल, प्रतिस्पर्ध्यांना तो निश्चितच जाचक वाटत होता.

भारतीय खेळाडूंनीही हा अनुभव घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये बासेल येथील जागतिक स्पर्धेत एच. एस. प्रणॉयने चीनच्या लिन डॅनला धक्का दिला, परंतु पुढच्याच फेरीत मोमोताने त्याला रोखले. बी. साई प्रणीतने उपांत्य फेरी गाठून प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ मधील पदकानंतर ३६ वर्षांनी पुरुष एकेरीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याची वाटचालही मोमोतानेच २१-१३, २१-८ अशी थांबवली. अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या अँडर्स अँटोन्सेनला तर दुसऱ्या गेममध्ये अवघे तीन गुण मिळाले.

हे यश सरळ मार्गाने आलेले नव्हते. बेकायदा जुगारगृहात गेल्याबद्दल २०१६ मध्ये जपानच्या महासंघाने त्याच्यावर बंदी घातली आणि रिओ ऑलिंपिक हुकले. २०१७ मध्ये क्रमवारीच्या तळाशी, लहान स्पर्धांतून त्याने पुनरागमन केले. पुढच्याच वर्षी तो जगज्जेता आणि अव्वल मानांकित झाला होता.

विक्रमी हंगामानंतर नव्या वर्षाचा आरंभही विजयानेच झाला. जानेवारी २०२० मध्ये मलेशिया मास्टर्स जिंकल्यानंतर काही तासांतच, विमानतळाकडे जाताना त्याच्या वाहनाला भीषण अपघात झाला. वाहनचालकाचा मृत्यू झाला. मोमोताच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडल्याचे नंतर निष्पन्न झाले व शस्त्रक्रिया करावी लागली. तो कोर्टवर परतला, परंतु पूर्वीची धार परतली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये घरच्या प्रेक्षकांविना झालेल्या लढतीत तो गटातच बाद झाला. २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा निरोप घेतला.

दक्षिण कोरियाच्या आन से-यंग हिने २०२५ मध्ये महिला एकेरीत ११ विजेतेपदे जिंकून मोमोताच्या आकड्याशी बरोबरी साधली.