पकड जमिनीची

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 875 या संहितेच्या तिसऱ्या भागात देशातल्या प्रमुख शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. शेड असो, फलक असो की इमारत, अभियंत्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो. त्या यादीत मुंबईपुढे सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर, हा आकडा आहे. नागपूरपुढेही तोच आहे. पुण्यापुढे मात्र 39 आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या शहराला मुंबईइतका वारा कसा, असे अनेकांना वाटेल. एप्रिल ते जूनमधले विदर्भाचे आकाश पाहिले की ते पटते. दुपारनंतर तापलेल्या जमिनीवर ढग चढतात, त्यांच्यातून थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि जमिनीलगत चहूकडे फुटतो. असे वादळ कधीकधी पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, पण त्याचा पहिला झोत अवचित आणि कोणत्याही दिशेने येतो. लग्नसराईही याच दिवसांत असते. लॉनवरचे शामियाने, रसवंत्यांवरचे छत, गच्चीवरची हिरवी नेट, अंगणातले टिनाचे शेड असे सगळे याच वाऱ्यात उभे असते. त्यातले बहुतेक काही वजनाच्या भरवशावर उभे केलेले असते, आणि हा भरवसा चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. वाऱ्यापुढे छत टिकते ते जमिनीने धरून ठेवल्यामुळे. म्हणून खर्च आणि विचार दोन्ही छतावरून काढून जमिनीत उतरवायला हवेत, तेही त्या जागेची माती पाहून.

हिशेब अवघड नाही. मीटर-सेकंदातल्या वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो, आणि त्याला 9.8 ने भागले की किलोंमध्ये. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या उन्हाळी इशाऱ्यांत ताशी 50 ते 60 किलोमीटर हा आकडा लोकांच्या सवयीचा झाला आहे. ताशी 60 किलोमीटरला दर चौरस मीटरवर सुमारे 17 किलो दाब येतो. तो सगळा छत वर उचलण्यात खर्ची पडला असे धरले, तर दहा फूट बाय दहा फुटांच्या स्टॉलवर जवळपास 160 किलोंची ओढ येते. घडीच्या सांगाड्याचे वजन कापडासकट पन्नास किलोही भरत नाही. थोड्या काळासाठी उभारायच्या शेडला संहिता मूळ वेगात सवलत देते. ती धरूनही नागपूरसाठी वेग सेकंदाला 32 मीटर येतो, आणि त्याच स्टॉलवरची ओढ 585 किलोंवर जाते. वीस बाय तीस फुटांच्या शेडवर ती साडेतीन टन होते, तर तिथले टिन आणि लोखंड मिळून टनभरही वजन नसते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणूनच मागच्या वर्षीच्या वाऱ्यात टिकलेले शेड यंदाही टिकेल असे धरून चालता येत नाही.

या ओढीला आपले नेहमीचे उत्तर म्हणजे टिनावर दगड, विटा किंवा जुने टायर ठेवणे आणि खांबाच्या बुडाशी वाळूची पोती रचणे. वाळूचे एक पोते चाळीस-पन्नास किलोंचे. वर काढलेल्या 585 किलोंना पुरायचे तर प्रत्येक खांबाला तीन-चार पोती लागतील, आणि तीही नुसती टेकवून नव्हे तर बांधून. टिनावरचे दगड त्याहून वाईट. पत्रा उचलला गेला की तेच दगड माणसांवर येतात. दुसरा उपाय फूटभर खड्डा खणून, खांब उभा करून त्यात गिट्टी-सिमेंट ओतण्याचा. घनफूटभर काँक्रीट सुमारे 68 किलोंचे असते, म्हणजे असे चार खांब मिळून पावणेतीनशे किलो. हा आकडा पाहिला की काँक्रीट ओतले म्हणजे काम पक्के झाले हा समज सोडावा लागतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर जाहिरात फलक कोसळून 17 माणसे गेली. लोखंडाची तिथे कमतरता नव्हती. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत दोष सापडला तो पायात. तो पाया ताशी 49 किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता आणि त्या दिवशी वारा सुमारे 87 किलोमीटरचा होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. वेगाच्या वर्गाने मोजले तर पायावर त्याच्या कुवतीच्या तिपटीहून अधिक भार आला होता.

छताला जमिनीशी बांधून ठेवणारा अँकर काय करतो हे समजले की निवड सोपी होते. तो मातीलाच वजन म्हणून कामाला लावतो. महावितरणच्या विजेच्या खांबाला तिरकी तार असते, जिला गावोगावी ताण म्हणतात. तिच्या खालच्या टोकाला जमिनीत खोल एक लोखंडी पट्टी पुरलेली असते. तार ओढली गेली की पट्टी वर येऊ पाहते आणि तिच्यावरची माती नरसाळ्याच्या आकारात तिला दाबून धरते. फूटभर लांब-रुंद पट्टी दीड फूट खोल पुरली आणि नरसाळ्याच्या बाजू 20 अंशांनी बाहेर झुकलेल्या धरल्या, तर वरच्या मातीचे वजन सुमारे 160 किलो येते. तीच पट्टी तीन फुटांवर नेली की ते 600 किलोंच्या वर जाते. लोखंड तेवढेच राहते आणि खोली दुप्पट केल्याने पकड जवळपास चौपट होते. अँकरवर खर्च होणारा कोणताही रुपया आधी खोलीवर घालावा, तो याच कारणाने. अट एवढीच की वरची माती मुरलेली हवी. रुंद खड्डा खणून मग सैल माती लोटली, तर हे नरसाळे तयारच होत नाही. खड्डा लागेल तेवढाच खणावा, आणि माती सहा-सहा इंचांच्या थरांनी, थोडे पाणी मारून, धुमसून भरावी.

नागपुरात खरा पेच मातीचा आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पूर्वेकडे पसरत येतो आणि नागपूरच्या आसपास संपतो. त्यामुळे सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, हिंगण्याकडचा भाग बेसाल्टवर बसला आहे, तर पूर्वेकडे खडकांची जातच बदलते. नाग आणि पिवळी नदीच्या काठांना गाळ, कन्हानकडे वाळूमिश्रित जमीन, आणि नव्या लेआउटमध्ये कुठून कुठून आणून टाकलेला भराव. देशाच्या मातीचे नकाशे तयार करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय याच शहरात, अमरावती रस्त्यावर आहे. तरीही इथला मांडव सगळीकडे एकाच मापाच्या खुंट्यांवर उभा राहतो. त्यातही काळी कपाशीची माती सर्वांत फसवी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. हिवाळ्यात, ओल असताना ठोकलेला खुंटा घट्ट बसतो. मे महिन्यात माती भेगाळते आणि त्याच्याभोवती बोट जाईल एवढी फट पडते. वादळाबरोबर आलेली पहिली सर त्या फटीत उतरते आणि आतली माती निसरडी करते. म्हणजे ज्या हंगामात वारा सर्वांत जोरात, त्याच हंगामात काळ्या मातीची पकड सर्वांत कमी. पक्क्या शेडचे उथळ काँक्रीटही दर पावसाळ्यात थोडे वर ढकलले जाते आणि दर उन्हाळ्यात सैल पडते. सर्व अँकरांना एकच माप लावण्याची सवय इथे धोक्याची ठरते ती यामुळेच.

म्हणून आधी सब्बल घालून पाहावी. काळी माती दोन-चार फुटांची असेल आणि खाली मुरूम लागत असेल, तर पक्क्या शेडचा अँकर काळ्या मातीत थांबवूच नये. तो मुरुमात फूट-दीड फूट शिरला पाहिजे. काळी माती फार खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेला फुगीर बुडाचा पाइल घ्यावा. त्याचा दांडा बारीक आणि खालचा गोळा दांड्याच्या सुमारे अडीच पट व्यासाचा असतो. माती जिथे हंगामागणिक हलते त्याच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर, तो रोवला जातो. गाळात, मऊ पण सलग मातीत, शेडनेटसाठी किंवा वर्षभराच्या मांडवासाठी स्क्रू अँकर उत्तम. लोखंडी दांड्याच्या टोकाला पोलादी पाते असलेला हा अँकर फिरवत आत घालायचा. ही कल्पना जुनी आहे. आयरिश अभियंता अलेक्झांडर मिचेलने 1833 मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि मुंबई-बडोदा रेल्वेने 1860 च्या सुमारास नद्या-खाड्यांवरचे पूल अशाच स्क्रू पाइलांवर उभे केले. याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. फिरवताना जितका जोर लागतो, तितकी त्याची पकड असते. सहज फिरत आत गेला तर तो सहज बाहेरही येईल. मुरमात मात्र तो अडकतो, आणि गिट्टीच्या भरावात पाते वाकते. तिथे जाड खुंटा किंवा लोखंडी अँगल घनाने ठोकणेच बरे. उघड्या बेसाल्टवर छिद्र पाडून रासायनिक अँकर बसवावा. पण वरचा झिजलेला, पोकळ वाजणारा थर सोडून खाली घट्ट दगड लागेपर्यंत छिद्र न्यावे, आणि मसाला भरण्याआधी आतली भुकटी ब्रशने व हवेने पूर्ण काढावी. भुकटी राहिली की मसाला दगडाला न चिकटता भुकटीलाच चिकटतो.

बसवण्यातल्या चुका बहुतेक दिशेच्या असतात. खुंटा सरळ उभा ठोकण्यापेक्षा त्याचे डोके मांडवापासून दूर झुकलेले हवे, म्हणजे दोरी त्याला साधारण काटकोनात ओढते. स्क्रू अँकरचे याच्या उलट. तो दोरीच्या रेषेतच आत गेला पाहिजे, नाहीतर त्याचा दांडा वाकतो. दोरी खुंट्याला अगदी जमिनीलगत बांधावी. वीतभर वर बांधली तर खुंटा तरफेसारखा उपटला जातो. एका खुंट्यावर भागत नसेल, तर त्याच रेषेत मागे दुसरा ठोकून दोन्ही एकमेकांना बांधावेत. सर्कशीच्या तंबूभोवती असेच पाठोपाठ ठोकलेले खुंटे दिसतात. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून मोठ्या छताला तारेचा दोर आणि टर्नबकल हवा, आणि सरीनंतर तो पुन्हा आवळणारा माणूस हवा. ठोकण्याआधी खाली विजेची केबल किंवा पाण्याची पाइपलाइन नाही ना, याची खात्री संबंधित कार्यालयाकडून करून घ्यावी.

मांडव दोन दिवसांचा, एवढा खटाटोप कशाला, असे बिछायत केंद्रवाले म्हणतात. त्यात तथ्य एवढेच की दोन दिवसांत मोठे वादळ येण्याची शक्यता कमी असते. संहितेतली सवलत त्यासाठीच आहे, आणि वर दिलेला 585 किलोंचा आकडा ती सवलत धरूनच काढला आहे. शिवाय शेडखाली चार माणसे असतात आणि मांडवाखाली चारशे. 23 जून 2019 रोजी राजस्थानातल्या जसोल इथे रामकथेचा मंडप वाऱ्याने कोसळला, त्यात वीजप्रवाहही उतरला, आणि 14 जण दगावले. तोही तात्पुरताच होता. दुसरा आक्षेप परंपरेचा. आजोबांच्या काळापासून असेच मांडव पडतात, काही झाले नाही, असे म्हणतात. पण तेव्हाचे कापड विरळ होते, त्यातून हवा जात होती, आणि फार वारा आला तर कापड सुटून बांबू जागेवर राहत. आजचे जलरोधक कापड आणि टिन हवेला वाट देत नाहीत. कापडाने आधी सुटावे आणि सांगाड्याने उभे राहावे, हे जुन्या मांडवातले शहाणपण मला पूर्ण मान्य आहे. ते ठरवून करायला हवे, म्हणजे इशारा येताच कापड उतरवायला माणसे नेमलेली हवीत. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. डांबरी रस्त्यावर किंवा पेव्हरवर खड्डा करता येत नाही आणि करूही नये. तिथे वजनाशिवाय पर्याय नाही. दोनशे लिटरचा पाण्याने भरलेला ड्रम दोनशे किलोंचा होतो. पण आडव्या ओढीला तो घर्षणाने फार तर निम्म्या वजनाएवढाच अडवतो. म्हणून रस्त्यावर छत लहान ठेवावे, बाजूचे पडदे टाळावेत आणि ड्रम खांबाच्या तळाशी नुसते न ठेवता खांबाला पट्ट्याने आवळावेत.

इतके करूनही अँकरवर विश्वास ठेवण्याआधी तो ओढून पाहावा. तिपाई, एक टनाची चेन-पुली आणि लटकता काटा एवढ्या सामानात हे काम अर्ध्या तासात होते, आणि हे सामान शहरातल्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे मिळते. अपेक्षित ओढीच्या दुप्पट जोर लावून काही मिनिटे थांबावे. अँकर इंचभर सरकला तर तो नापास, मग तो कितीही महागाचा असो. काळ्या मातीत कोरड्या दिवशी मिळालेला आकडा ओल्या दिवसासाठी निम्माच धरावा. मंडपाच्या परवानगीसाठी महानगरपालिका अग्निसुरक्षेची हमी मागते. त्याच अर्जात अँकर ओढून पाहिल्याची नोंदही तिने मागावी. आणि तोवर घरचा मांडव ठरवताना, अंगणात शेड टाकताना, डेकोरेशनवाल्याला आणि वेल्डरला एकच प्रश्न विचारा: हा अँकर किती किलोंना ओढून पाहिला? उत्तर आकड्यात मिळाले तरच काम द्या.